घर धाकटीचं, पूल सगळ्यांचा

पायऱ्या उतरायला लागून अर्धा तासही झाला नव्हता, तोच माझी ढोपरं कुरकुरायला लागली. खाली दरीत नदीचा आवाज येत होता, पण नदी काही दिसत नव्हती. दिसत होत्या त्या फक्त पायऱ्या. "आई, आता निम्म्याच राहिल्या," असं लेक दर दहा मिनिटांनी सांगत होती. लहानपणी तिला डोंगरावरच्या देवळात नेताना मीही हेच सांगायची, त्यामुळे माझा काही विश्वास बसला नाही.

लेक शिलाँगला शिकायला आहे. दोन वर्षं म्हणत होती, "एकदा ये." शेवटी पाऊस सरल्यावर, नोव्हेंबरात गेले. शिलाँगहून पंचावन्न किलोमीटरच्या आसपास सोहरा लागतं. भूगोलाच्या पुस्तकात आपण चेरापुंजी म्हणून पाठ केलं, ते हेच. तिथून गाडी तिर्ना गावापर्यंत जाते आणि तिथे रस्ता संपतो. नाँग्रियाट, म्हणजे आमचं मुक्कामाचं गाव, त्याच्याही खाली दरीत आहे. तीन हजारांच्या वर पायऱ्या, मध्ये तारेचे झुलते पूल, आणि मग गाव.

माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, गुडघ्याला लावायचं मलम आणि एक लिफाफा होता. लिफाफा निघायच्या आदल्या दिवशीच कुरियरने आला होता. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

वाटेत वर चढणारी माणसं भेटत होती. पाठीवर वेताची निमुळती टोपली आणि तिचा पट्टा कपाळावर घेतलेला. कुणाच्या टोपलीत तमालपत्र, कुणाच्या सुपाऱ्या, तर एकाच्या पाठीवर गॅसची रिकामी टाकी. भरलेली टाकी पुन्हा अशीच खाली यायची. तांदूळ, मीठ, घराचे पत्रे, सिमेंटची पोती, सगळं या गावात माणसाच्या पाठीवरून येतं. आजारी माणूस वर जातो तोही पाठीवरूनच. शाळकरी मुलं मात्र आमच्या बाजूने उड्या मारत गेली, जणू काही घराचा उंबराच ओलांडताहेत.

आम्ही जिच्या घरी उतरलो, ती पन्नाशीची बाई. तिला सगळे 'काँग' म्हणत होते. काँग म्हणजे ताई. खासी लोकांत मोठ्या बाईला आदराने असंच हाक मारतात. तिला हिंदी थोडंच येत होतं, पण तिची भाची सोहऱ्याला शिकलेली. ती आमची दुभाषी झाली.

बसल्याबसल्या काँगने पुढे केली ती सुपारी. ओली सुपारी, विड्याचं पान आणि त्याला लावलेला चुना. यालाच ते 'क्वाय' म्हणतात. पाहुण्याला आधी क्वाय, मग बाकी सगळं. पूर्वी लांबचं अंतरसुद्धा क्वायवर मोजत, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना किती विडे चघळून होतात त्यावर. आणि कुणी वारलं तर म्हणतात, तो आता देवाघरी क्वाय खात बसला असेल. मी कोकणातली, पोफळीच्या वाडीत वाढलेली. तरी तो तुकडा तोंडात टाकल्यावर दोन मिनिटांत कानशिलं तापली आणि कपाळावर घाम आला. आमच्याकडे म्हणतात तशी 'सुपारी लागली'! काँग पदर तोंडाशी धरावा तशी ओढणी धरून हसली, आणि आमची ओळख झाली.

खरं सांगू का, त्या गावात मला परकं असं वाटलंच नाही. पोफळी, त्यांवर चढलेले पानवेल आणि मिरवेल, फणस, अननस. पावसात शेतावर जाताना बायका डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारं बांबूचं आणि पानांचं एक कवच घेतात, त्याला 'क्नूप' म्हणतात. पडवीत टांगलेलं ते पाहून मी ओरडलेच, "अगं, हे तर आपलं इरलं!" जेवणात भाताबरोबर सुक्या मासळीची झणझणीत चटणी आली, तेव्हा तर माझं माहेरच समोर उभं राहिलं. देवाच्या नावाने राखलेली राई, जिच्यातलं पानही बाहेर न्यायचं नाही, तीही खासी डोंगरांत आहे. आपली देवराईच ती.

पण पाऊस मात्र आपला नव्हे. बंगालच्या उपसागरावरून येणारे ढग बांगलादेशाचं सपाट मैदान ओलांडून थेट या डोंगरांवर आदळतात. १९९५ च्या जूनमध्ये १५ आणि १६ तारखेला, अठ्ठेचाळीस तासांत चेरापुंजीला २,४९३ मिलिमीटर पाऊस झाला. २६ जुलै २००५ ला मुंबई ज्या पावसाने बुडाली तो सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर होता, म्हणजे अंदाज येईल. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत तर इथे २६,४६१ मिलिमीटर पावसाची नोंद आहे. गंमत अशी, की वरच्या सोहऱ्याच्या पठारावर हिवाळ्यात बायकांना पाण्यासाठी वणवण करावी लागते. तिथली झाडी गेली, माती धुपली, पाणी थांबायला जागाच उरली नाही. खाली दरीच्या उतारांवर मात्र सदाहरित रान दाट उभं आहे, आणि तिथले झरे नोव्हेंबरातही निळेशार वाहत होते.

अशा पावसात नदी ओलांडायची कशी? लाकूड कुजतं, बांबू दोनचार वर्षांत जातो, लोखंड गंजतं. या लोकांनी फार पूर्वी यावर जो उपाय काढला, तो बघायलाच लोक आता जगभरातून येतात.

तुमच्यापैकी अनेकींच्या गॅलरीत कुंडीत रबराचं झाड असेल, जाड चकचकीत पानांचं. ते झाड मूळचं या भागातलं. वडाच्या जातीचं, वडासारखीच त्याला हवेत मुळं फुटतात. नदीच्या काठी हे झाड लावायचं. मुळं फुटली की सुपारीचं खोड उभं चिरून, आतून पोकळ करून ते नदीवर आडवं टाकायचं, किंवा बांबूचा सांगाडा बांधायचा. कोवळी मुळं त्या पन्हळीतून हळूहळू पलीकडे न्यायची. पलीकडच्या काठावर पोचली की ती मातीत रुजतात. मग आणखी मुळं, ती एकमेकांत गुंतवायची, मध्ये दगड-माती भरायची, कठडे वळवायचे. मुळं एकमेकांना चिकटून एकजीव होतात. पूल चालण्याजोगा व्हायला पंधरा ते तीस वर्षं लागतात, पण एकदा झाला, की झाड जिवंत असेपर्यंत तो वर्षागणिक मजबूत होत जातो. पाहिजे तर शे-दोनशे वर्षंही. नाँग्रियाटला असा पूल एकावर एक दोन मजल्यांचा आहे. दुमजली बस पाहिली होती, पण दुमजली साकव मी पहिल्यांदाच पाहिला!

२०१९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी मेघालयातल्या सत्तरहून अधिक पुलांची पाहणी करून लेख लिहिला, आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या पुलांचं नाव गेलं. काँगला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं आहे. पण मूळ सुटलं तर बांधायला आम्हालाच जावं लागतं ना?"

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला वाडीमागच्या ओढ्यावर नेलं. तिथेही काठावर रबराचं झाड होतं आणि ओढ्यावरून चारपाच मुळं बोटाएवढी, मनगटाएवढी पलीकडे गेलेली. खाली बांबू बांधलेले. "हे माझ्या मामाने लावलं," काँग म्हणाली. "माझी धाकटी झाली त्या वर्षी. तो आता नाही. तो यावरून कधीच चालला नाही. मीही फार चालेन असं नाही." एक मूळ बाजूला लोंबत होतं. बोलताबोलता तिने ते उचललं, दुसऱ्या मुळाभोवती दोन वेढे दिले आणि पुढे चालू लागली. आपण जाता-येता गाठ सुटलेली दोरी बांधतो, तितक्या सहज.

तिची ती धाकटी मुलगी वीस वर्षांची, शिलाँगला कॉलेजात. सुट्टीसाठी आली होती. आणि इथेच मला खासी घराची ती गोष्ट कळली, जिच्यामुळे मी हा लेख लिहायला बसले.

खासींमध्ये कूळ आईचं चालतं. मुलं आईच्या कुळाचं नाव लावतात. वडिलोपार्जित घर मिळतं ते सर्वांत धाकट्या मुलीला. तिला म्हणतात 'खाद्दू'. तिचा नवरा लग्नानंतर तिच्या घरी राहायला येतो. हे ऐकून मी लगेच म्हटलं, "वा! म्हणजे इथे बायकांचं राज्य!"

भाचीने हे काँगला सांगितलं आणि दोघी हसल्या. राज्य वगैरे काही नाही, असं त्यांनी समजावलं. गावाचा दरबार परंपरेने पुरुषांचा. घरातल्या मोठ्या निर्णयात आईच्या भावाचा, मामाचा शब्द मोठा. आणि खाद्दूला घर मिळतं म्हणजे ते विकून पैसे करता येतात असं नाही. कुळाच्या संमतीशिवाय तिला ते विकता येत नाही. घराबरोबर येते ती जबाबदारी. म्हातारे आईवडील तिचे. लग्न न झालेला मामा तिचा. भावाचं लग्न मोडलं, तो परत आला तर त्याचं ताट तिच्याकडे. बहिणीवर वाईट दिवस आले तर तिची मुलं तिच्याकडे. घरातली धर्मकृत्यं करण्याचं कामही तिच्याकडेच असायचं. आता पुष्कळ कुटुंबं ख्रिस्ती झाली आहेत. १८४१ साली वेल्श मिशनरी सोहऱ्याला आले तेव्हापासून ती सुरुवात. पण घर मात्र अजून धाकटीकडेच जातं.

"मग तुला हे आवडतं का?" मी त्या मुलीला विचारलं.

तिने लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "आंटी, माझी मोठी बहीण गुवाहाटीला नोकरी करते. तिला कुणी विचारत नाही, परत कधी येणार म्हणून. मला पहिल्या वर्षापासून विचारतात. मला शिक्षिका व्हायचंय. इथल्या शाळेत जागा मिळाली तर बरं. नाही मिळाली तर काय, ते मला माहीत नाही."

काँग तिच्याकडे बघत होती. तिला आमचं हिंदी सगळं कळलं नसेल, पण मुलीचा आवाज कळला असावा. ती भाचीला काहीतरी म्हणाली. भाचीने सांगितलं, "काकू म्हणते, मलाही जायचं होतं. माझ्या आईला डोळ्यांनी दिसेनासं झालं, म्हणून राहिले. घर मला धाकटी म्हणून नाही मिळालं, आईला सांभाळलं म्हणून मिळालं, असं मी समजते."

मग काँगने मला विचारलं, "तुझ्या आईचं घर कुणाकडे?"

वाचकहो, आता त्या लिफाफ्याकडे येते.

माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई गेल्या वर्षी गेली. कोकणातलं घर आणि पोफळीची छोटी वाडी आम्हा तिघांच्या नावावर आली: दादा, ताई आणि मी. कायदा आता मुलींच्या बाजूने स्पष्ट आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या शंकाही दूर केल्या. पण कायदा एकीकडे आणि रीत दुसरीकडे. आपल्याकडची रीत म्हणजे बहिणींनी हक्कसोडपत्र करून द्यायचं. ताईने तिचं केव्हाच करून दिलं होतं. माझ्या कागदाचा मसुदा त्या लिफाफ्यात होता. दादा फोनवर म्हणाला होता, "एवढी सही झाली की मी मोकळा."

मला पैसे नको होते, हे मी स्वतःलाच शंभरदा सांगितलं होतं. तरी मनात कुठेतरी खुपत होतं. सही केली की त्या घरी जायचं ते पाहुणी म्हणून, असं वाटायचं. आणि सही नाही केली तर, 'धाकटी हिस्सा मागते' असं गावभर होणार, हेही माहीत होतं. यात मी महिनाभर अडकले होते.

मी काँगला म्हटलं, "घर भावाकडे."

"म्हणजे त्याने आईला सांभाळलं?"

मी 'हो' म्हणणार होते, पण म्हणता येईना. आईचा पाय मोडल्यापासून ती जाईपर्यंत अकरा वर्षं तिला सांभाळलं ते वहिनीने. दादाची नोकरी तालुक्याला. तो सकाळी जायचा, रात्री यायचा. आईला न्हाऊ घालणं, भरवणं, शेवटच्या वर्षी रात्रीतून तीन-तीनदा उठणं, हे सगळं वहिनीचं. मी वर्षातून दोनदा जायची, आंबे आणि सुपाऱ्या घेऊन परतायची. त्या लिफाफ्यातल्या कागदावर दादाचं नाव होतं, ताईचं होतं, माझं होतं. वहिनीचं नाव कुठेच नव्हतं. कायद्याच्या दृष्टीने ती वारस नाही, आणि रीतीच्या दृष्टीने तिने जे केलं ते 'सुनेचं कर्तव्य'.

आम्ही तिघं भावंडं हिश्श्याचा विचार करत होतो आणि आमच्या घरची खाद्दू स्वयंपाकघरात चहा करत होती.

हे सगळं मी काँगला सांगितलं नाही. इतकंच म्हटलं, "नाही. भावाच्या बायकोने." ती म्हणाली, "मग घर तिचं." तिच्या दृष्टीने विषय संपला होता. ती उठली आणि आमच्यासाठी काळा चहा टाकायला गेली.

आम्ही परत निघालो तेव्हा काँगने पुडीत सुपाऱ्या आणि तमालपत्र बांधून दिलं. 'खुब्लेई' म्हणाली. या एकाच शब्दात त्यांचा नमस्कारही होतो, आभारही आणि आशीर्वादही. तिची धाकटी आम्हाला दुसऱ्या तारेच्या पुलापर्यंत पोचवायला आली. वाटेत ती ओढ्याकडे वळली, बांबूची एक गाठ ओढून पाहिली आणि परत आमच्याबरोबर चालू लागली. ती कुठे नोकरी करील, त्या दरीत राहील की नाही, मला ठाऊक नाही. तिने राहावं असं म्हणण्याचा मला काय अधिकार? मीही माझ्या गावात राहिले नाहीच. पुलाच्या गोष्टीचं कौतुक करणं आपल्याला सोपं. पण वीस वर्षं तिथे थांबून मुळं बांधायला कुणालातरी थांबावं लागतं, आणि ते कुणी हा प्रश्न त्या गावातही आता पूर्वीइतका सोपा उरलेला नाही.

घरी आल्यावर वकिलांना भेटले. त्यांनी सांगितलं, हक्कसोडपत्र फक्त सहवारसाच्या नावे करता येतं, वहिनीच्या नावे नाही. तिला द्यायचं तर माझ्या हिश्श्याचं बक्षीसपत्र करावं लागेल, मुद्रांक शुल्क भरून त्याची नोंदणी करावी लागेल. मी म्हटलं, "तसंच करा."

मग दादाला फोन केला. म्हटलं, "सही करते, पण तुझ्या नावावर नाही, वहिनीच्या नावावर." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "तिला सांगतो." एवढंच बोलला. रागावला का, हे आवाजावरून कळलं नाही.

दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला. आधी ती माझ्या गुडघ्यांबद्दल बोलली, मग यंदा सुपारीला आलेल्या रोगाबद्दल बोलली. शेवटी म्हणाली, "आईंची खोली मी तशीच ठेवलीय. तुम्ही दोघी बहिणी याल तेव्हा तुमची. कागदावर काहीही असो." मला काही बोलता येईना. मीही मग सुपारीबद्दलच बोलले.

बहिणींनी हक्क सोडावा, असं मी मुळीच म्हणत नाही. जिला गरज आहे तिने तो जरूर घ्यावा. कायदा त्यासाठीच आहे, आणि भावाला वाईट वाटेल म्हणून मुकाट्याने सही करणं हा काही मोठेपणा नव्हे. माझं म्हणणं एवढंच, की असा कागद पुढे आला की सही करण्याआधी किंवा नाकारण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: या घरात म्हाताऱ्या माणसांचं रात्रीचं उठणं-बसणं कुणी केलं? तिचं नाव कागदावर आहे का?

काँगने दिलेल्या सुपाऱ्यांपैकी दोन मी वहिनीसाठी ठेवल्या आहेत. पुढच्या महिन्यात नोंदणीसाठी गावी जाणार आहे, तेव्हा नेईन. वाडीत रुजतात का पाहू.